इंजिनाचे तेल आणि निर्मात्याची मान्यता

मोटारीच्या इंजिनात कोणते तेल घालावे, हा प्रश्न आपल्याकडे फार दिवस प्रश्न म्हणून उभाच राहिला नाही. १९८३ साली मारुती मोटार रस्त्यावर आली, तोपर्यंत देशातील बहुतेक खाजगी मोटारी दोन-तीन जातींच्या होत्या. कोलकात्याजवळ तयार होणारी अँबॅसडर आणि वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या मुंबईच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सची फियाट यांची इंजिने जुन्या धाटणीची होती. त्यांच्या भागांत फटी बऱ्यापैकी सैल होत्या, दाब बेताचे होते आणि तापमानही फार चढत नसे. अशा इंजिनाला तेल दाट असले आणि वेळेवर बदलले की पुरत असे. पेट्रोल पंपावरचा नोकर किंवा गल्लीतला मिस्त्री जे तेल देईल ते घालावे, हा रिवाज त्या काळात पडला आणि इंजिने बदलली तरी तो टिकून राहिला.

बंगळूर शहरात या रिवाजाची परीक्षा विशेष कठोरपणे होते. या शहराचा यंत्रविद्येशी संबंध जुना आहे. १९४० साली वालचंद हिराचंद यांनीच म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने येथे विमानांचा कारखाना काढला. १९४६ साली किर्लोस्करांची विजेच्या यंत्रांची कंपनी येथे सुरू झाली. १९५१ साली स्थापन झालेल्या ‘मायको’ या कंपनीने आडुगोडी येथे ठिणगीचे प्लग आणि डिझेल इंजिनांचे इंधनपंप बनवण्यास प्रारंभ केला. तिचा नाशिकचा कारखाना महाराष्ट्रातील वाचकांच्या परिचयाचा आहेच. १९९७ साली टोयोटा आणि किर्लोस्कर यांची संयुक्त कंपनी स्थापन झाली आणि शहरापासून जवळच बिडदी येथे तिचा मोटारींचा कारखाना उभा राहिला. आज बंगळूरच्या रस्त्यांवर जपानी, कोरियन, जर्मन, फ्रेंच, अमेरिकन आणि भारतीय बनावटीच्या मोटारी एकाच वाहतूक-कोंडीत उभ्या असतात. बाहेरून त्या सारख्याच दिसोत. त्यांच्या इंजिनांची तेलाकडून असलेली अपेक्षा मात्र सारखी नाही. जे. सी. रोडवरील सुट्या भागांच्या दुकानांत एकाच फळीवर वीस-पंचवीस प्रकारचे डबे मांडलेले असतात, ते याचमुळे.

या डब्यांच्या पाठीमागे बारीक अक्षरांत काही आकडे छापलेले असतात: व्हीडब्ल्यू ५०५.०१, एमबी २२९.५१, आरएन ०७२० आणि असे आणखी काही. बहुतेक ग्राहक ते वाचत नाहीत. त्यांचा अर्थ काय आणि त्यांच्याकडे दुर्लक्ष केल्यास काय घडते, हे समजण्यासाठी प्रथम तेलाच्या कामाची थोडी ओळख करून घ्यावी लागेल.

इंजिनातील तेल घर्षण कमी करते, हे सर्वांना ठाऊक असते. पण ते याहून बरेच काही करते. पिस्टनच्या खालच्या बाजूची उष्णता ते वाहून नेते. ज्वलनातून निर्माण होणारी काजळी ते स्वतःत विखुरलेल्या स्थितीत धरून ठेवते. ती एकत्र होऊन गाळ बनू देत नाही. इंधनातील गंधकापासून तयार होणारी आम्ले ते निष्प्रभ करते. जेथे दोन धातूंमधील तेलाचा थर दाबाखाली फाटतो, तेथे ते धातूवर एक अतिशय पातळ रासायनिक कवच निर्माण करते. ही सारी कामे नुसत्या खनिज तेलाच्या आवाक्यातील नव्हेत. डब्यातील द्रवाचा सुमारे चार-पंचमांश भाग मूळ तेलाचा असतो आणि उरलेला पूरक रसायनांचा. मूळ तेल मुंबईतील माहूल येथेही मोठ्या प्रमाणावर तयार होते आणि ते अनेक कंपन्या वापरू शकतात. एका तेलाला दुसऱ्यापासून वेगळे करतो तो मुख्यतः पूरकांचा मेळ.

डब्याच्या दर्शनी बाजूस ठळक छापलेला आकडा, उदाहरणार्थ ५डब्ल्यू-३०, या मेळाविषयी काहीच सांगत नाही. तो केवळ श्यानतेचा, म्हणजे तेलाच्या दाटपणाचा निर्देश करतो. अमेरिकेतील मोटार-अभियंत्यांच्या ‘एसएई’ या संस्थेने १९११ साली तेलांचे दाटपणानुसार वर्ग पाडण्यास सुरुवात केली आणि तीच पद्धत सुधारत सुधारत आजवर चालत आली आहे. ‘डब्ल्यू’ हे अक्षर हिवाळ्याचे. त्यापूर्वीचा आकडा जितका लहान, तितके तेल थंडीत अधिक सहजपणे वाहते. ५डब्ल्यू तेलाची परीक्षा शून्याखाली ३० अंशांवर घेतात, १५डब्ल्यू तेलाची शून्याखाली २० अंशांवर. नंतरचा आकडा १०० अंश सेल्सिअसला, म्हणजे इंजिन तापल्यावर, तेल किती दाट राहते ते दाखवतो. ३० क्रमांकाच्या तेलाची श्यानता त्या तापमानाला ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक असते, तर ४० क्रमांकाची १२.५ ते १६.३.

येथे बंगळूरचा मोटारमालक एक साहजिक शंका काढतो. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरील या शहरात जानेवारीच्या पहाटेही पारा साधारणतः १५ अंशांच्या आसपास असतो. आजवरचे नीचांकी तापमान १८८४ सालच्या जानेवारीत नोंदले गेले, तेही ७.८ अंश. मग शून्याखालील परीक्षेशी येथे कोणाचा काय संबंध? आपला देश उष्ण, तेव्हा दाट तेलच बरे, असे सांगणारे मिस्त्री पुष्कळ भेटतात. या युक्तिवादात दोन गोष्टी निसटतात. पहिली अशी की इंजिनाच्या दृष्टीने १५ अंश हेही थंडच होय. ४० अंशांवर ५डब्ल्यू-३० तेलाची श्यानता साधारणपणे ६० ते ७० सेंटिस्टोक असते, तर २०डब्ल्यू-५० तेलाची दीडशेच्या वर. इंजिन सुरू केल्यानंतरच्या पहिल्या काही क्षणांत तेल पंपातून वरच्या कॅमशाफ्टपर्यंत पोहोचायचे असते आणि इंजिनाची झीज या क्षणांत बरीच होते. दुसरी गोष्ट अशी की तापलेल्या इंजिनातील तेलाचे तापमान बाहेरच्या हवेवर फारसे अवलंबून नसते. शीतकयंत्रणा ते एका मर्यादेत राखते. एप्रिल २०१६ मध्ये शहरात ३९.२ अंशांची नोंद झाली, तरी त्या दिवशी चालू इंजिनातील तेल जर्मनीतील उन्हाळ्यापेक्षा फार वेगळ्या तापमानाला नव्हते. इंजिनातील वाहिन्या आणि बेअरिंगांमधील फटी ज्या दाटपणासाठी आखल्या, तो दाटपणा त्यांना हवा असतो.

श्यानतेच्या आकड्यातही एक फसगत दडलेली आहे. दोन डब्यांवर ५डब्ल्यू-३० असेच छापलेले असावे आणि तरीही आतील तेले भिन्न असावीत, हे सहज शक्य आहे. बेअरिंगमध्ये तेलाचा थर १५० अंश तापमानाला आणि अतिशय वेगवान कर्तनाखाली काम करतो. त्या स्थितीत मोजलेली श्यानता काही ५डब्ल्यू-३० तेलांत २.९ मिलिपास्कल-सेकंदांच्या थोडीच वर असते, तर काहींत किमान ३.५ असावी असे बंधन असते. पहिल्या प्रकारचे तेल इंधनाची बचत करते. दुसऱ्या प्रकारचे तेल जड बोजाखाली अधिक भक्कम थर देते. ज्या इंजिनाची रचना ३.५ गृहीत धरून झाली आहे, त्यात पहिल्या प्रकारचे तेल घातले तर दर्शनी आकडा जुळतो आणि बेअरिंगचे संरक्षण मात्र कमी पडते.

तेलाची गुणवत्ता सांगण्यासाठी दुसऱ्या संज्ञा वापरतात. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट, म्हणजे एपीआय, या संस्थेची वर्गवारी आपल्याकडे सर्वांत परिचित आहे. तीत पेट्रोल इंजिनांसाठी ‘एस’पासून आणि डिझेल इंजिनांसाठी ‘सी’पासून सुरू होणारी अक्षरे असतात. एसएन, २०२० सालची एसपी, २०२५ सालची एसक्यू असा हा क्रम पुढे सरकत असतो. युरोपातील मोटारनिर्मात्यांच्या ‘एसीईए’ या संघटनेने १९९६ पासून आपली स्वतंत्र वर्गवारी चालवली आहे. भारतीय मानक संस्थेचे आयएस १३६५६ हे मानकही याच विषयावर आहे. हे सर्व वर्ग किमान पात्रता ठरवतात. शालान्त परीक्षेचे प्रमाणपत्र म्हणजे विशिष्ट नोकरीसाठीची निवड नव्हे. तसेच काहीसे येथे आहे. काही निर्मात्यांना ही किमान पात्रता पुरेशी वाटली नाही. त्यांनी स्वतःच्या इंजिनांवर स्वतःच्या कसोट्या घेण्यास सुरुवात केली, आणि जे तेल त्यांत उतरेल त्याला लेखी मान्यता देऊ लागले.

हे त्यांना का करावे लागले, याचे सर्वांत बोलके उदाहरण महाराष्ट्राच्या भूमीवर जोडल्या गेलेल्या मोटारींत सापडते. २००१ साली स्कोडा कंपनीचा कारखाना औरंगाबादजवळ, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, शेंद्रा येथे सुरू झाला. तेथून बाहेर पडलेल्या लॉरा या मोटारीत १.९ लिटरचे आणि पुढे २००८ साली आलेल्या फाबियात १.४ लिटरचे एक विशिष्ट डिझेल इंजिन होते. त्याला ‘पंप-ड्यूझ’ म्हणत. जर्मन भाषेत याचा अर्थ पंप आणि तोटी असा होतो. नेहमीच्या डिझेल इंजिनात एक पंप असतो आणि तेथून नळ्यांवाटे इंधन प्रत्येक सिलिंडरकडे जाते. फोक्सवॅगन समूहाने १९९८ पासून वापरलेल्या या रचनेत प्रत्येक सिलिंडरवर स्वतंत्र पंप बसवला होता आणि तो खुद्द इंजिनाच्या कॅमशाफ्टने दाबला जाई. इंधनाचा दाब त्यामुळे २००० बारच्या आसपास नेता आला. इंजिन जोमदार झाले आणि इंधनही कमी पिऊ लागले.

या लाभाची किंमत कॅमशाफ्टने मोजली. झडपा उघडणाऱ्या कॅमांच्या शेजारीच पंप दाबणाऱ्या कॅमांना जागा करून द्यावी लागली. साहजिकच झडपांचे कॅम अरुंद झाले. जो भार पूर्वी रुंद पृष्ठावर विभागला जाई तो अरुंद पृष्ठावर आला. शिवाय पंपांच्या धक्क्यांचा ताण त्याच दंडावर. कॅमाचे टोक टॅपेटवरून घसरते तेथे तेलाचा थर टिकणे अवघड असते. तेथे भिस्त असते ती पूरकांनी धातूवर निर्माण केलेल्या कवचावर. सर्वसाधारण डिझेल तेल, ते कितीही चांगल्या कंपनीचे असले तरी, या भारासाठी तपासलेले नव्हते. म्हणून फोक्सवॅगनने पंप-ड्यूझ इंजिनावरच झिजेची कसोटी घेतली आणि त्यात उतरलेल्या तेलांना ५०५.०१ हा क्रमांक दिला. आधीचा ५०५.०० हा क्रमांक यासाठी चालत नाही. दोहोंत एका अंकाचा फरक, आणि दुकानदाराच्या डोळ्यांना तो बहुधा दिसत नाही.

चुकीचे तेल घातल्यावर इंजिन लगेच बंद पडत नाही, ही या प्रकरणातील दुर्दैवाची बाब. मोटार हजारो किलोमीटर सुरळीत धावते. कॅमाचे उंचवटे हळूहळू झिजत जातात, टॅपेटचा माथा पातळ होतो आणि कधी कधी त्याला भोकही पडते. मग झडप पुरती उघडत नाही, इंजिनातून टकटक आवाज येऊ लागतो, जोम कमी होतो. तोपर्यंत मोटारीची हमी संपलेली असते आणि बहुधा मालकही बदललेला असतो. अशा इंजिनाचा कॅमशाफ्ट, सारे टॅपेट आणि बेअरिंगे बदलण्याचा खर्च जुन्या मोटारीच्या किमतीच्या मानाने भारी पडतो. बंगळूरसारख्या शहरात, जेथे बाहेरगावाहून नोकरीसाठी आलेला तरुण पहिली मोटार बहुधा जुन्या बाजारातून घेतो, तेथे आधीच्या मालकाने कोणते तेल वापरले हे सांगणारी बिले मिळणे म्हणूनच फार मोलाचे. पुढे फोक्सवॅगनने ५०७.०० हा नवा क्रमांक काढला आणि या जातीच्या बहुतेक इंजिनांना तोही चालतो असे ठरवले. तथापि क्रमांक मोठा म्हणजे तेल नेहमीच अधिक योग्य, असा नियम यावरून काढता येणार नाही. तो का काढता येत नाही, हे राखेच्या प्रश्नावरून स्पष्ट होते.

इंधनातील गंधक जळाले की त्यापासून आम्ले बनतात. ती निष्प्रभ करण्यासाठी तेलात अल्कधर्मी पूरके घालतात. ही पूरके कॅल्शियम, मॅग्नेशियम यांसारख्या धातूंची संयुगे असतात. तेलाचा थोडा अंश ज्वलनकक्षात जळतोच. तो जळला की धातूंची राख उरते. जुन्या इंजिनांत ती धुराड्यावाटे निघून जाई आणि कोणाचे काही बिघडत नसे. आता डिझेल मोटारींच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी असते. अडकलेली काजळी ठरावीक काळाने तापवून जाळता येते. राख मात्र जळत नाही. ती गाळणीच्या सूक्ष्म छिद्रांत साचत जाते आणि शेवटी गाळणी बदलावी लागते. म्हणून अशा मोटारींसाठी अल्पराख तेले निघाली. एसीईएच्या ‘सी३’ वर्गात राखेचे प्रमाण ०.८ टक्क्यांहून अधिक चालत नाही, तर जुन्या धाटणीच्या ‘ए३/बी४’ वर्गात ते त्याच्या दुपटीपर्यंत जाऊ शकते. मर्सिडीझ-बेंझच्या २२९.५ आणि २२९.५१ या क्रमांकांतील मुख्य भेद हाच आहे.

राख कमी करायची म्हणजे अल्कधर्मी पूरके कमी करायची, आणि ती कमी केली की आम्लांशी लढण्याची तेलाची शिदोरी कमी होते. इंधनात गंधक अत्यल्प असेल तरच हे परवडते. येथे शहराचा आणि सालाचा संबंध येतो. १ एप्रिल २०१० रोजी भारत स्टेज ४ ची मानके देशातील १३ शहरी क्षेत्रांत लागू झाली. त्यांत बंगळूर होते, मुंबई आणि पुण्याबरोबर सोलापूरही होते. या शहरांत मिळणाऱ्या डिझेलमध्ये गंधकाचे प्रमाण दशलक्ष भागांत ५० होते, तर त्यांच्या बाहेर पुष्कळ जिल्ह्यांत ते ३५० पर्यंत चालत असे. त्या वर्षांत बंगळूरहून निघून राष्ट्रीय महामार्गाने उत्तरेकडे येणारी मोटार वाटेत कोठेतरी टाकी भरे तेव्हा तिचे इंधन बदलत असे, आणि त्याबरोबर तिच्या तेलावरील ताणही. अशा मोटारीत अल्पराख तेल घालणे शहाणपणाचे नव्हते. एप्रिल २०१७ पासून स्टेज ४ सर्व देशभर आले. एप्रिल २०२० पासून स्टेज ६ आले आणि गंधक १० वर उतरले. आज गाळणी असलेल्या डिझेल मोटारीत राखाळ तेल घालणे ही चूक ठरते. काळ आणि इंधन बदलले की कालचे योग्य उत्तर आज अयोग्य होते. परदेशातील एखाद्या पुस्तिकेतील शिफारस भारतातील मोटारीला तशीच्या तशी लावण्यातही हाच धोका आहे. मोटारीबरोबर येथे मिळालेली पुस्तिका प्रमाण मानली पाहिजे.

पेट्रोल इंजिनांतही अशा नवीन अडचणी उद्भवल्या आहेत. लहान आकाराच्या, टर्बो बसवलेल्या आणि थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनांत कमी वेगावर जोर दिला असता मिश्रण ठिणगी पडण्यापूर्वीच पेटते आणि पिस्टन फुटण्यापर्यंत मजल जाते. संशोधनात असे दिसले की तेलातील कॅल्शियमयुक्त पूरके या उपद्रवाला हातभार लावतात. त्यांचा काही भाग मॅग्नेशियमयुक्त पूरकांनी भरून काढल्यावर तो कमी झाला. जनरल मोटर्सच्या डेक्सॉस मान्यतेत आणि २०१८ नंतरच्या एपीआय वर्गांत याची कसोटी समाविष्ट आहे. काही इंजिनांत तर कॅमशाफ्ट फिरवणारा रबरी पट्टाच तेलात बुडालेला असतो. भारतात २०१३ साली आलेल्या फोर्ड इकोस्पोर्टच्या एक लिटर टर्बो इंजिनात अशी रचना होती. तेथे तेलाने धातूबरोबर रबरही सांभाळायचे असते, आणि म्हणून फोर्डने आपल्या स्वतंत्र क्रमांकाचे ५डब्ल्यू-२० तेल सांगितले. इंजिनाला जरा दाट तेल मानवेल, अशा समजुतीने येथे बदल करणारा मिस्त्री पट्ट्याशी खेळत असतो.

आता डब्यावरील शब्दांकडे वळू, कारण पुष्कळ गोंधळ तेथेच होतो. ‘मान्यताप्राप्त’, ‘अपेक्षा पूर्ण करते’ आणि ‘वापरण्यास योग्य’ हे तीन शब्दप्रयोग वरवर सारखे वाटतात. त्यांत वास्तविक मोठे अंतर आहे. मान्यताप्राप्त याचा अर्थ असा की तेल बनवणाऱ्या कंपनीने आपल्या तेलाचा घटकमेळ मोटारनिर्मात्याकडे सादर केला, ठरलेल्या इंजिनांवर ठरलेल्या तासांच्या कसोट्या झाल्या, शुल्क भरले गेले आणि निर्मात्याने लेखी मान्यता दिली. मर्सिडीझच्या डब्यांवर यासाठी ‘फ्रायगाबे’ हा जर्मन शब्दच छापण्याचा प्रघात आहे. ‘अपेक्षा पूर्ण करते’ हे विधान तेल कंपनीचे स्वतःचे असते. ते खरे असू शकते. कधी कधी कंपनीने खरोखर कसोट्या घेतलेल्या असतात आणि केवळ शुल्क टाळलेले असते. पण त्याला मोटारनिर्मात्याची साक्ष नसते. ‘वापरण्यास योग्य’ हा तर शिफारशीपेक्षाही सौम्य शब्द होय. वरचे दोन शब्दप्रयोग ठळक अक्षरांत आणि खरी मान्यता एखाद्याच क्रमांकाला, अशी मांडणीही डब्यांवर आढळते. क्रमांकांची लांबलचक यादी पाहून प्रभावित होण्यापूर्वी ती कोणत्या शब्दाखाली छापली आहे, हे पाहावे.

मान्यता कंपनीच्या नावाला मिळत नसते. ती एका विशिष्ट घटकमेळाला आणि विशिष्ट श्यानतेला मिळते. त्याच कंपनीच्या त्याच नावाच्या मालिकेतील ५डब्ल्यू-३० ला ती असेल आणि ५डब्ल्यू-४० ला नसेल. घटक बदलले तर ती पुन्हा घ्यावी लागते. एकाच नावाने दोन देशांत विकले जाणारे तेल एकच असेल असे धरून चालता येत नाही. परदेशातून येताना नातेवाइकाने आणलेला डबा येथल्या डब्याचा जुळा भाऊ असेलच असे नाही. ‘सिंथेटिक’ या शब्दालाही अवास्तव महत्त्व दिले जाते. तो मूळ तेलाची जात सांगतो, आणि ती जात चांगलीच असते. परंतु पंप-ड्यूझच्या कॅमाला वाचवणारे किंवा गाळणीत राख साचू न देणारे गुण पूरकांच्या मेळातून येतात. महागडे सिंथेटिक तेल आणि योग्य तेल या दोन वेगळ्या गोष्टी होत. मर्सिडीझ-बेंझसारखे काही निर्माते मान्य तेलांच्या याद्या प्रसिद्ध करतात. शंका असल्यास तेलाचे नाव त्या यादीत शोधता येते, आणि डब्यावरील छपाईपेक्षा ती यादी अधिक विश्वसनीय.

हे सर्व वाचून साध्या भारतीय किंवा जपानी मोटारीच्या मालकाने धास्ती घेण्याचे कारण नाही. जपानी निर्माते बहुतांशी एपीआयच्या वर्गांवर आणि श्यानतेवर भागवतात. बिडदी येथे तयार झालेल्या मोटारीच्या पुस्तिकेत जो वर्ग आणि जी श्यानता लिहिली असेल, ती असलेले कोणत्याही नामांकित कंपनीचे तेल तिला चालते. तिच्यासाठी जर्मन क्रमांकाचे तेल आणून अधिक पैसे मोजण्यात फारसा अर्थ नाही. मान्यतेचा प्रश्न खऱ्या अर्थाने युरोपीय मोटारींत, टर्बो बसवलेल्या नव्या पेट्रोल इंजिनांत आणि गाळणी असलेल्या डिझेल इंजिनांत उपस्थित होतो. पेट्रोल आणि वीज यांवर मिळून चालणाऱ्या काही नव्या मोटारींना ०डब्ल्यू-१६ सारखे अतिशय पातळ तेल लागते, कारण त्यांचे इंजिन रस्त्यात वारंवार थांबते आणि पुन्हा सुरू होते. तेथेही पुस्तिकेबाहेर जाऊ नये. दुचाकीचे तेल मोटारीत किंवा मोटारीचे दुचाकीत घालणे हा आणखी एक प्रचलित प्रमाद होय. दुचाकीचा क्लच तेलात बुडालेला असतो आणि मोटारीच्या तेलातील घर्षण घटवणारी पूरके त्याला निसरडा करतात.

योग्य तेल निवडले तरी ते केव्हा बदलावे, हा प्रश्न उरतो आणि त्याचे उत्तर बंगळूरच्या रस्त्यांनी फार बदलून टाकले आहे. २०२२ सालच्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीनुसार शहराच्या मध्यभागात १० किलोमीटर अंतर कापण्यास सरासरी २९ मिनिटे लागत. म्हणजे ताशी वेग सुमारे २० किलोमीटर. या वेगाने १०,००० किलोमीटर चालण्यासाठी इंजिनाला ५०० तास राबावे लागते. पुणे ते कोल्हापूर अशा रस्त्यावर ताशी ६० च्या सरासरीने तेवढेच अंतर १६७ तासांत पार पडते. किलोमीटर-दर्शकाला दोन्ही मोटारी सारख्या वाटतात. तेलाच्या दृष्टीने पहिलीने तिप्पट नोकरी केलेली असते. सिल्क बोर्डच्या चौकात तिष्ठणारे इंजिन किलोमीटर मोजत नाही, पण त्याचे तेल तापत असते आणि जुने होत असते. याच्या उलट घरापासून दोन-तीन किलोमीटरवर कार्यालय असणाऱ्याचे तेल पुरेसे तापतच नाही. न जळलेले पेट्रोल आणि ज्वलनातून आलेले पाणी त्यात मिसळून राहते. २०२५ मध्ये देशातील पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास पोहोचले आहे आणि इथेनॉलला पाण्याचे आकर्षण असते, तेव्हा लहान फेऱ्यांचा हा दोष अधिकच ध्यानात घेण्याजोगा झाला आहे. बहुतेक पुस्तिकांत ‘खडतर वापर’ या शीर्षकाखाली तेल लवकर बदलण्याची सूचना असते. ती खाणी आणि वाळवंटे यांसाठी आहे असे समजून वाचक पान उलटतो; वस्तुतः कोंडी, धूळ आणि लहान फेऱ्या यांचाही तीत उल्लेख असतो.

खरेदीच्या वेळी पुस्तिका जवळ ठेवावी आणि तीतील श्यानता, वर्ग व मान्यतेचा क्रमांक हे तिन्ही डब्याच्या मागील बाजूशी ताडून पाहावेत. केवळ तिसरा जुळणे पुरेसे नाही. एका मान्यतेखाली दोन-तीन श्यानतेची तेले असू शकतात. गॅरेजमध्ये पिंपातून तेल काढून घालत असतील तर पिंपावरील नाव व क्रमांक विचारण्यात संकोच नसावा. नामांकित कंपन्यांच्या रिकाम्या डब्यांत हलके तेल भरून विकण्याचे प्रकार आपल्याकडे घडतात, म्हणून डब्याचे बूच व त्याखालील झिल्ली अखंड आहे ना ते पाहून मगच ती समोर फोडून घ्यावी आणि रिकामा डबा परत देण्यापूर्वी निकामी करावा. बिलावर तेलाचे पूर्ण नाव, श्यानता, डब्यावरील उत्पादन-गटाचा क्रमांक आणि बदलतेवेळचे किलोमीटर लिहून घ्यावेत. हमीच्या काळात इंजिनाविषयी वाद उपस्थित झाला तर हाच कागद उपयोगी पडतो.

प्रवासात पातळी खाली गेली आणि मान्यतेचे तेल वाटेत मिळाले नाही, तर इंजिन तेलाविना चालवण्यापेक्षा त्याच श्यानतेचे दुसरे चांगले तेल थोडे घालणे केव्हाही बरे. बाजारातील मोटार-तेले एकमेकांत मिसळतात. मात्र घातलेल्या तेलाचे नाव व प्रमाण टिपून ठेवावे आणि मुक्कामी पोहोचल्यावर, विशेषतः गाळणी असलेल्या डिझेल मोटारीत, नेहमीची मुदत भरण्याची वाट न पाहता सर्व तेल बदलून घ्यावे.